भैरूच्या ढालीचा निकाल

मीनाक्षी जगदाळेला ठरवणं जमत नसे. हॉटेलात गेलं की ती मेनूकार्ड शेजारच्याच्या हातात देई आणि म्हणे, मला काहीही चालेल. ड्रेस घ्यायचा तर आईला पुढे करी. दिल्लीजवळच्या मानेसरच्या एका कारखान्यात ती ब्रेकचे सुटे भाग तपासायच्या विभागात होती, आणि ती नोकरी तिला आवडायचं कारणही तेच होतं. भाग गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालायचा. बसला तर पास, अडला तर बाजूला. गेजशी कुणी वाद घालत नाही आणि गेज कुणावर रुसतही नाही.

अशा मुलीने नेमका निकाल देत बसायचाच खेळ धरावा, याची तिची मैत्रीण अरुणा कर्णिक कायम गंमत करायची. दोघी पहाडगंजच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलेल्या. अरुणाचे वडील केंद्राच्या एका मंत्रालयात, मीनाक्षीचे फौजेत. संपतराव जगदाळ्यांची बदली दिल्ली कॅन्टला झाली तेव्हा मीनाक्षी आठवीत आली, आणि पुढे त्यांची बदली वर डोंगरात झाली तरी ती शिक्षणासाठी इथेच राहिली. कॉलेजच्या दिवसांत दोघींनी मुनिरकाला खोली घेतली होती. वरच्या मजल्यावर विष्णू नावाचा केरळातल्या पालक्काडचा मुलगा कायदा शिकत होता. तो खेळ त्याने आणला.

खेळाला पट नाही, राजा-वजीर नाही. चारचौघांनी टेबलाभोवती बसायचं आणि प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. कुणी तिरंदाज, कुणी वैदू, कुणी रक्षक. एकाने गेम मास्टर व्हायचं. गोष्ट त्याने सांगायची, शत्रू त्याने चालवायचे, आणि कुणाला काय करता येतं, काय नाही, हेही त्यानेच सांगायचं. बाकी फाशांवर. गोष्ट सांगण्यात मीनाक्षीचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती दलदलीचं वर्णन करायला लागली की अरुणा पाय वर घेऊन बसे. म्हणून गेम मास्टर तीच झाली, आणि निकालाचं काम तिच्या गळ्यात पडलं.

नियमांचं पुस्तक होतं, विष्णूने झेरॉक्स काढून आणलेलं जाडजूड बाड. पण पुस्तक लिहिणाऱ्याने सगळंच कुठे लिहिलेलं असतं? अरुणाच्या पात्राकडे धुक्याची चादर नावाची शक्ती होती. पुस्तकात एवढंच होतं की चादरीखाली जवळचे सगळे दिसेनासे होतात. सगळे म्हणजे आपलेच की शत्रूसुद्धा? एका रविवारी मीनाक्षीने सांगितलं, फक्त आपले. अरुणाचा बेत इतका छान होता की तो मोडवेना. काही रविवार गेले, लढाई फारच सोपी व्हायला लागली, तेव्हा ती म्हणाली, शत्रूसुद्धा दिसेनासे होतात. विष्णूने हातातले फासे खाली ठेवले.

"मीनाक्षी, मागे तू उलटं सांगितलं होतंस," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. पण पुढचे काही रविवार तो अभ्यासाचं कारण सांगून वरच राहिला.

मीनाक्षीने ते फार मनाला लावून घेतलं. तेव्हापासून तिने एक सोपी वाट धरली. शंका आली की खेळणाऱ्याच्या बाजूने निकाल. पुस्तक गप्प आहे ना, मग ठीक आहे, होतं तसं. विष्णू परत आला. कुणी भांडत नव्हतं, कुणी रुसत नव्हतं. लढाया मात्र हळूहळू गुळमुळीत झाल्या. अरुणा लढाई चालू असताना मोबाइल बघायला लागली. मीनाक्षीला ते दिसत होतं, पण मोबाइल बघणारी अरुणा तिला रुसलेल्या विष्णूपेक्षा परवडत होती.

पुढे नोकऱ्या लागल्या, मुनिरका सुटलं. विष्णू कोर्टात ज्युनिअर वकील झाला, अरुणा वडिलांसारखीच सरकारी नोकरीत शिरली. सुभेदार होऊन निवृत्त झालेल्या संपतरावांनी पालमला फ्लॅट घेतला, कॅन्टच्या जवळ, म्हणजे फौजी दवाखाना आणि कॅन्टीन हाताशी. मीनाक्षी आईवडिलांकडे राहायला आली. रोज सकाळी कंपनीच्या बसने मानेसर, संध्याकाळी परत. खेळ कधी व्हायचा, कधी राहून जायचा.

आणि मग एका उन्हाळ्यात संपतरावांना लकवा मारला.

वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. तोंड सरळ झालं, पाय चालायला लागला. उजव्या हातात जोर राहिला नाही, आणि बोलताना मधूनच एखादा शब्द सापडेनासा व्हायचा. तो माणूस एके काळी परेडच्या मैदानावर या टोकाची हाक त्या टोकाला पोचवणारा. शब्द अडला की ते वाक्यच सोडून देत. थोड्या दिवसांनी वाक्य सुरू करणंही सोडलं. टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद. जेवायला काय करू, असं मीनाक्षीची आई, अलकाबाई, विचारायच्या तर मान हलवायचे. डॉक्टर म्हणाले होते, यांना बोलतं ठेवा, चार माणसांत बसवा. पण चार माणसं भेटायला आली की संपतराव डोळे मिटून पडून राहत.

तेव्हा मीनाक्षीने खेळ घरी आणला. विष्णू आणि अरुणाला दर रविवारी दुपारी पालमला बोलावलं आणि वडिलांना म्हणाली, आबा, चौथा माणूस कमी पडतोय, नुसते बसा. संपतराव पहिल्यांदा पाठ करून बसले. पण जेवणाचं टेबल आणि टीव्हीची खुर्ची यांत अंतर ते किती! मीनाक्षी डोंगरातल्या एका वाटेचं वर्णन करत होती आणि पुढे ओझ्याची खेचरं आहेत असं म्हणाली, तेव्हा त्यांनी मान वळवली.

"खेचर तसं... चढत नाही," ते म्हणाले. "ते दरीच्या अंगाने चालतं."

उमेदीची वर्षं त्यांनी फौजेच्या खेचरांच्या कंपनीत काढली होती, लडाखच्या बाजूला. पुढच्या रविवारी ते टेबलाशी बसले. पात्र रक्षकाचं घेतलं, आणि त्याला एका जुन्या खेचराचं नाव दिलं, भैरू. अलकाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली बटणं सोंगट्या म्हणून वापरत. संपतरावांनी आपल्या वर्दीचं पितळी बटण शोधून काढलं आणि भैरू म्हणून कागदावरच्या चौकटीत ठेवलं. फासे ते डाव्या हाताने टाकत.

मीनाक्षीला इतका आनंद झाला की तिने भैरूला जिवापाड जपायला सुरुवात केली. गेम मास्टर आपले फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतो, दुसऱ्यांना दिसत नाहीत. शत्रूचा वार भैरूवर सहाचा पडला की ती तीन म्हणून सांगे. संपतराव म्हणतील ते होई. विष्णूच्या ते लक्षात आलं होतं, अरुणाच्याही, पण आजारी माणसासमोर कोण काय बोलणार?

दिवाळी झाली, थंडी पडली. संपतराव पुन्हा मागे सरकायला लागले. तुम्ही खेळा, मी बघतो. मान दुखतेय. आज नको. मीनाक्षीला वाटलं, थकले असतील. एका शनिवारी ती आईबरोबर मटार सोलत बसली होती, तेव्हा अलकाबाईंनी सांगून टाकलं.

"हे काय म्हणाले सांगू? पोरगी मला गोळ्या देते तसा खेळ देते."

मीनाक्षीचा हात थांबला.

"खेचरालासुद्धा कळतं म्हणाले, पाठीवरचं ओझं खरं आहे की नुसतं दाखवायला बांधलंय," अलकाबाई म्हणाल्या. "मला म्हणाले, तुला नाही. पण मला वाटलं सांगावं."

मीनाक्षीला आधी राग आला. एवढं जीव लावून करतेय आणि वर हे. मग ताटलीतले मटार संपेपर्यंत तो राग उतरला, आणि खाली नुसती शरम उरली. आबांना सगळं कळत होतं. त्यांनी महिनोन्‌महिने तिच्यासाठी खेळाचं सोंग केलं होतं.

रविवारी विष्णू-अरुणा यायच्या आधी तिने पुठ्ठ्याचा आडोसा काढून कपाटामागे टाकला. सगळे बसले तेव्हा म्हणाली, आजपासून माझे फासे उघड्यावर. विष्णूने भुवया उंचावल्या. मान दुखत असल्याचं त्या दिवशी संपतरावांनी सांगितलं नाही.

लढाई एका दोरांच्या पुलावर होती. पलीकडच्या कड्यावर एक जादूगारीण उभी. भैरू पुढे, त्याच्या शेजारी अरुणाचा वैदू, आणि मागे लांब विष्णूचा तिरंदाज. जादूगारणीने विजेचा लोळ सोडला. मीनाक्षीने कागदावर वर्तुळ काढलं, त्यात येईल त्या प्रत्येकाला मार. भैरू आणि वैदू दोघेही आत. वैदू आधीच जखमी होता, हा मार बसला तर तो पडणार हे उघड होतं.

"वैदूचा मार मी घेतो," संपतराव म्हणाले. त्यांनी ढालीच्या नियमावर बोट ठेवलं. शेजारच्या सोबत्यावर वार झाला तर रक्षक तो आपल्या अंगावर घेऊ शकतो.

विष्णूने घसा साफ केला. टेबलावरचं सगळं बोलणं हिंदीतच चाले. "अंकल, माफ करा, पण हा वार नाही. कुणी कुणावर नेम धरलेला नाही. वीज सगळीकडे पडतेय, तुमच्यावर आधीच पडलीय."

"वार म्हणजे मार," अरुणा म्हणाली. तिला अर्थातच जगायचं होतं.

सगळे मीनाक्षीकडे बघायला लागले. तिच्या तोंडाशी शब्द तयार होते, ठीक आहे, होतं तसं. तिने ते गिळले आणि झेरॉक्स पुन्हा वाचली. वार म्हणजे नेम धरून केलेला की कोणताही, याबद्दल पुस्तक एक अक्षर बोलत नव्हतं. मग तिने विचार केला, ही शक्ती असते कशासाठी? ढाल मध्ये धरण्यासाठी. मध्ये यायचं तर वार कुठल्या तरी बाजूने यायला हवा. तरी मन डळमळत होतं. शेवटी तिने स्वतःला विचारलं की भैरू विष्णूचा असता तर मी काय म्हणाले असते. उत्तर लगेच आलं, आणि ते आल्यावर दुसरं काही म्हणायची सोयच राहिली नाही.

"आबा, नाही होणार," ती म्हणाली. "वीज वरून सगळ्यांवर पडते, मध्ये उभं राहायला बाजूच नाही. हा निकाल आजच्या लढाईपुरता. कायमचं काय ते लढाई संपल्यावर सगळे मिळून ठरवू."

तिने फासे टाकले. वैदू पडला, मेला नव्हता, पण आणखी एक मार बसला तर संपणार होता. नेमकं तेव्हाच घरावरून विमान गेलं, खाली उतरणारं, अगदी गच्चीला घासून गेल्यासारखं. पालममध्ये विमान जाईपर्यंत सगळे गप्प बसतात, तसे तेही बसले. मीनाक्षीची नजर वडिलांच्या हातावर होती.

विमान गेलं आणि संपतराव बोलायला लागले. वीज वरून येते तर दरडही वरूनच येते, ते म्हणाले. दरड शब्द आठवेना, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला नाही. "ते, डोंगर... डोंगर सुटतो ते," म्हणत डाव्या हाताने टेबलावर उतार दाखवला आणि पुढे गेले. एकदा वाटेवर खेचरांची रांग असताना वरून दगड सुटले. कुणी कुणावर नेम धरला नव्हता. तेव्हा काय केलं? शेजारच्या पोराला कड्याला दाबलं आणि त्याच्यावर आडवे झाले. पाठीला दगड लागले, पोराला लागले नाहीत. मग बाजू नव्हती म्हणून बघत उभं राहायचं होतं का, असं त्यांनी विचारलं, आणि पुन्हा पहिल्यापासून मुद्दा मांडला. मधे चार ठिकाणी अडखळले. चारही ठिकाणी वळसा घालून पलीकडे गेले. चेहरा लाल झाला होता.

मीनाक्षी घाबरली. यांना चिडू देऊ नका, असंही डॉक्टर म्हणाले होते. तिने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे अलकाबाई उभ्या होत्या. त्यांनी तळहात खाली दाबल्यासारखा केला, म्हणजे घाबरू नकोस, चालू दे.

आणि अवघड गोष्ट ही होती की आबांचा मुद्दा चांगला होता. पण आत्ता बदललं तर ते मुद्द्यासाठी बदललं की त्यांच्या लाल चेहऱ्यासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आबांना मात्र नक्की सांगता आलं असतं.

"तुमचं म्हणणं मला पटतंय," ती म्हणाली. "पण निकाल पडला. आता तुमची पाळी आहे. नियमाचं नाव नका सांगू. भैरू काय करतो ते सांगा."

संपतरावांनी पितळी बटण वैदूच्या जवळ सरकवलं. "भैरू ढाल टाकतो," ते म्हणाले. "आणि वैदूवर आडवा होतो."

"मग तुम्हाला वार करता येणार नाही. वैदूच्या वाट्याचा मार तुम्हाला, आणि तुमचा तुम्हाला वेगळा. दोन्ही पूर्ण. चालेल?"

"चालेल."

तिने विष्णूकडे पाहिलं. तो म्हणाला, हे बरोबर आहे, ही किंमत रास्त आहे. अरुणाचा मोबाइल केव्हाच पर्समध्ये गेला होता.

पुढच्या दोन फेऱ्या मीनाक्षीने श्वास रोखूनच खेळवल्या. फासे उघड्यावर पडत होते, आणि ते भैरूवर मेहेरबान नव्हते. दुसऱ्या विजेला भैरू संपला. तिने ते पितळी बटण हळूच चौकटीबाहेर काढून वडिलांसमोर ठेवलं. पण त्याच्या खाली वैदू जिवंत होता. आणि भैरूवर दोनदा वीज खर्च करणाऱ्या जादूगारणीकडे विष्णूच्या बाणासाठी काही उरलं नव्हतं. बाण लागला. पूल त्यांचा झाला.

"मेला का भैरू?" संपतरावांनी विचारलं.

"मेला, आबा."

ते खुर्चीत मागे टेकले. मीनाक्षीने मनाची तयारी केली, आता मान दुखेल, आता टीव्ही लागेल. संपतरावांनी बटण उचललं, अंगठ्याने पुसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"आज खेळ झाला," ते म्हणाले. मग आत वळून, "अलके, चहा ठेव. या पोरांना जाऊ देऊ नकोस, अजून बोलायचंय."

चहाबरोबर कायमचा नियम ठरवायची चर्चा झाली आणि ती लढाईपेक्षा लांबली. विष्णू कोर्टात उभा राहावा तसा बोलत होता आणि संपतराव त्याला मधेच तोडत होते. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. वरून येणारा मारही रक्षकाला घेता यावा, पण मग ढाल टाकून, आडवं होऊन, दोघांचा मार पुरा सोसायचा आणि त्या फेरीत हात उचलायचा नाही. फुकट नको, ते म्हणाले. विष्णूने ते मान्य केलं. विष्णूला एवढ्या सहज काही मान्य करताना अरुणाने कधी पाहिलं नव्हतं, तसं तिने बोलूनही दाखवलं.

मीनाक्षी कप घेऊन बाल्कनीत गेली. अरुणा मागोमाग आली, तर हिच्या डोळ्यांत पाणी.

"रडतेस काय गं?"

"रडत नाही," मीनाक्षी म्हणाली. "सुटले." आणि खरंच तिला वाटत होतं की कितीतरी वर्षं खांदे वर उचलून धरले होते ते आज खाली आले. तिने वडिलांना नाही म्हटलं होतं, आणि आत ते विष्णूला दरडीची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होते.

मंगळवारी ती बसमधून उतरून घरी आली तर आईने तोंडावर बोट ठेवलं. संपतराव आतल्या खोलीत फोनवर होते. विष्णूला त्यांनी स्वतः नंबर लावून फोन केला होता, भैरूनंतर कोणतं पात्र घ्यावं ते विचारायला. आजारपणानंतर फोनवर त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं. मायलेकी भाजीची पिशवी तशीच हातात धरून ऐकत उभ्या राहिल्या.

त्यानंतर मीनाक्षी सगळ्याच बाबतीत ठाम झाली असं काही नाही. हॉटेलात मेनूकार्ड अजूनही ती शेजारच्याला देते. पण टेबलावर शंका आली की ती डगमगत नाही. दोघांचं एकेकदा ऐकायचं, शक्ती कशासाठी आहे ते बघायचं, निकाल द्यायचा, आणि चुकला असेल तर चहाच्या वेळी मोकळेपणी दुरुस्त करायचा. दोनतीनदा तो चुकलाही, आणि कुणी रुसून बसलं नाही. कारखान्यात गेजमध्ये अर्धवट बसणारा एखादा भाग आला की पूर्वी ती सुपरवायझरला हाक मारायची. आता स्वतः पाहून सांगते.

संपतरावांनी पुढे चोराचं पात्र घेतलं आणि त्यात ते भलतेच रमले. होळीच्या सुमारास एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की आज गोष्ट मी सांगणार, मीना, तू खेळ. गोष्ट लडाखची होती, खेचरांनी भरलेली. निकाल ते फौजी पद्धतीने देत, एका शब्दात, आणि पुस्तक उघडायचंच नाही. मीनाक्षीच्या पात्राची उडी त्यांनी सरळ नाकारली तेव्हा तिने पुस्तक पुढे ओढलं, पान काढलं आणि वडिलांशी हुज्जत घालायला बसली. विष्णूने तिची बाजू घेतली, अरुणाने आबांची. आतून अलकाबाईंनी विचारलं की पुऱ्या तळू की वाद संपेपर्यंत थांबू, आणि चौघांनी एकदम सांगितलं, थांबा.